छायाचित्रं असताना पवनचक्क्यांच्या चित्रांना पुरावा म्हणून किती किंमत द्यावी?

माझ्या मते भरपूर, फक्त चित्रकाराला चक्की कळत असली पाहिजे. तुमचा प्रश्न इंग्लंडच्या खेड्यांतल्या, नाहीशा होत गेलेल्या चक्क्यांबद्दल आहे. आपल्याकडे पवनचक्की म्हटलं की चाळकेवाडीच्या पठारावरची वीज बनवणारी पांढरी यंत्रं आठवतात. इंग्लंडमधल्या या चक्क्या मात्र धान्य दळायच्या. पुढे बंदरांवर वाफेच्या रोलर गिरण्या आल्या, परदेशी गहू उतरायचा तिथेच दळला जाऊ लागला आणि गावोगावच्या चक्क्या थंडावल्या.

इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याचे वडील पिठाचा धंदा करायचे. ईस्ट बर्गहोल्टच्या त्यांच्या पवनचक्कीत जॉनने स्वतः काम केलं, 1792 मध्ये, सोळाव्या वर्षी, तिथल्या लाकडावर नाव कोरलं आणि पुढे तीच चक्की चित्रात आणली. त्याचा भाऊ म्हणायचा की जॉनने काढलेली चक्की फिरेल असं वाटतं, इतर चित्रकारांच्या चक्क्यांबद्दल तशी खात्री देता येत नाही. मी चित्र बघताना हीच कसोटी लावते.

पण नोंद म्हणून मला सर्वात मोलाचा वाटतो तो कार्ल वुड (1888-1958). लिंकनशायरमधल्या गेन्सबरोच्या या माणसाने सायकलवर हिंडत ब्रिटनभरच्या पवनचक्क्यांची 1300हून जास्त चित्रं काढली. हा संग्रह लिंकनच्या अशर गॅलरीकडे आहे. नोकरीनिमित्त लिंकनला होते तेव्हा त्यातली काही चित्रं बघायला मिळाली आणि मी हललेच. पाती गळून पडलेली, टोपी (म्हणजे मनोऱ्यावरचं फिरतं छप्पर) उडालेली, शेताच्या कडेला नुसता विटांचा बुंधा उरलेला, असल्या चक्कीसाठीही हा माणूस सायकलवरून उतरला होता! देखणं निसर्गचित्र हवं असणारा तिथे कशाला थांबेल?

शिवाय रंग. त्या काळचे फोटो बहुतेक कृष्णधवल. लिंकनशायरच्या कितीतरी चक्क्यांचा मनोरा डांबर फासलेला काळाकुट्ट आणि वर कांद्याच्या आकाराची पांढरीशुभ्र टोपी, हे चित्रातच नीट कळतं.

असं चित्र हाती आलं तर आधी पाती मोजा. बहुतेक ठिकाणी चार असतात, पण लिंकनशायरमध्ये पाच, सहा, आठ पात्यांच्याही चक्क्या होत्या; हेकिंग्टनची आठ पात्यांची आजही उभी आहे. मग पात्यांवर कापड आहे की झडपा ते बघा. टोपीमागे छोटा पंखा दिसला, तर ती चक्की वाऱ्याकडे आपोआप तोंड वळवायची. ही तीन उत्तरं मिळाली की त्या जागेच्या जुन्या नकाशाशी चित्र ताडून बघा.