६एल६ काढून ईएल३४ टाकायची का?

तुझ्या ४० वॅटच्या गिटारच्या ट्यूब कॉम्बोत (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ६एल६ या पॉवर ट्यूबची जोडी आहे. आवाज मवाळ झालाय, मधूनच कडकड येते. दुकानदार म्हणतो सगळ्या ट्यूब बदल, आणि बदलतोच आहेस तर ईएल३४ ही दुसऱ्या जातीची पॉवर ट्यूब टाक, मार्शल कंपनीच्या ॲम्पसारखा वाजेल. भाऊ, पैसे सध्या खिशातच राहू दे.

ईएल३४चा विषय आधी संपवतो. सॉकेट तोच आठ पिनांचा, म्हणून ती आरामात बसते आणि लोक फसतात. ६एल६चा हीटर (ट्यूब तापवणारी तार) ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४चा १.५. म्हणजे जोडीमागे १.२ अँपिअर जादा, आणि तुझा मेन्स ट्रान्सफॉर्मर तेवढ्यासाठी गुंडाळलेला असेलच असं नाही. शिवाय ईएल३४ची पिन १ म्हणजे सप्रेसर ग्रिड (ट्यूबमधली एक जाळी), ती पिन ८ला जोडावी लागते. ६एल६ला पिन १ची गरज नसते, त्यामुळे काही ॲम्पमध्ये तिथे भलताच रेझिस्टर टेकवलेला सापडतो. आणि मार्शलपणा एकट्या पॉवर ट्यूबमध्ये नसतोच. प्रीअँप (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग), आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांचा त्यात मोठा वाटा.

आता कडकड. ॲम्प चालू ठेवून छोट्या प्रीअँप ट्यूबना पेन्सिलीने हलकेच टिचक्या मार. एखादी खणखणली तर तुझा खर्च एका छोट्या ट्यूबवर आटोपला. त्या गप्प असतील तर ॲम्प बंद कर, गार होऊ दे आणि दोन्ही पॉवर ट्यूबच्या जागा आपसात बदल. एका ट्यूबची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लाल होत असेल आणि लाली ट्यूबसोबत दुसऱ्या सॉकेटवर गेली, तर ट्यूब संपली. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर ग्रिडला बायस (ट्यूबचा करंट आवरणारं निगेटिव्ह व्होल्टेज) पोचत नाहीये किंवा आधीच्या भागातून सिग्नल आणणारा कपलिंग कपॅसिटर गळतोय. तिथे नवी जोडी टाकलीस तर तीही जळेल. लाली दिसली की लगेच बंद करायचं, गाणं पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही. काचेवरची निळसर झाक मात्र निरुपद्रवी असते. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ती ट्यूब सरळ फेकायची.

ट्यूब खरंच गेली असेल तर ६एल६जीसीची (६एल६चाच दणकट प्रकार) मॅच केलेली, म्हणजे सारखा करंट घेणारी, जोडी घे. कंपनी जेजे असो की इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, त्यावर रात्र जागवू नकोस.

खरं काम बायसचं. कॅथोड बायसचा, म्हणजे बायस आपोआप जुळवणारा ॲम्प असता तर नुसती जोडी बदलून भागलं असतं. तुझ्यात बायसचा पॉट (फिरवून लावायचा रेझिस्टर) आहे, म्हणजे फिक्स्ड बायस, मोजावंच लागेल. ६एल६जीसीची प्लेट ३० वॅट सोसते. प्लेटवर ४२० व्होल्ट धरले तर ७० टक्क्यांना २१ वॅट, म्हणजे ५० मिलिअँपिअर. ६० टक्क्यांना साधारण ४३. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. दोन्ही ट्यूबना मिळून एकच रेझिस्टर असेल तर आकडा निम्मा कर.

पुस्तकं ७० टक्के सांगतात. मी नागपुरात ६०च्या पुढे जात नाही, कारण आपलं व्होल्टेज. मे महिन्यात संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू असताना सॉकेटला २१५ मिळाले, तेव्हा प्लेट ४२०वर बघून तू बायस लावलास. मध्यरात्री लाइन २४५वर गेली की तीच प्लेट ४८०च्या आसपास, आणि ट्रान्सफॉर्मर २२०चा असेल तर ६.३ व्होल्टचा हीटर ७वर. हीटरला दहा टक्क्यांची सूट असते, त्याच्या पलीकडे. निगेटिव्ह बायसही सोबत वाढतो, त्यामुळे थोडं सावरतं, पण तेवढ्यावर भरवसा नको. आधी स्टॅबिलायझर घे, ट्यूब नंतर. मागे २२०-२४० निवडायची सोय असेल तर ती २४०ला ठेव.

ट्यूब बदलायला चेसिस उघडावी लागत नाही, ते तू करू शकतोस: प्लग काढून, गार झाल्यावर, बुडाशी धरून सरळ वर. स्पीकर जोडल्याशिवाय मात्र कधी चालू करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. बायससाठी आत हात घालावा लागत असेल तर थांब. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट बसलेले असू शकतात. सीताबर्डीच्या बाजारात मल्टिमीटर मिळतो, पण मीटर हातात आला म्हणजे हाय व्होल्टेजची सवय झाली असं नाही. जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारे काका शोध, त्यांना हे बरोबर कळतं. तीन आकडे मागून घे: प्लेट व्होल्टेज, प्रत्येक ट्यूबचा करंट, आणि मोजताना सॉकेटला किती व्होल्ट होते ते.