स्वतःची क्यू घेऊन पूल पार्लरमध्ये गेलं तर लोक हसतात का?

प्रश्न असा होता: पूल खेळायला लागून चार महिने झालेत. स्वतःची क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, घेतली तर पार्लरमधले जुने लोक 'शायनिंग मारतोय' म्हणून हसतील का? आणि घ्यायची तर पूलची घ्यावी की स्नूकरची?

हसतील. आठवडाभर हसतील. मग एखादा जुना गडी 'बघू जरा' म्हणून हातातून घेईल, दोन शॉट मारेल, 'हलकी आहे रे' म्हणेल आणि परत देईल. विषय संपला. क्यूला कोणी हसत नाही. ती जोडायला पाच मिनिटं घेऊन, टिपेला, म्हणजे तिच्या टोकाला, खडू घासघासून, एक डोळा बारीक करून समोरचा सरळ बॉल हुकवणाऱ्याला हसतात. तो मीही होतो, त्यामुळे खात्रीने सांगतो.

खरी करमणूक पार्लरच्या बाहेर होते. माझी क्यू दोन तुकड्यांची, काळ्या लांबट केसमध्ये असते. आमच्या वॉचमनला वाटायचं मी गळ टाकायला जातो. रविवारी 'काय घावलं का साहेब?' म्हणून विचारायचा. एका रिक्षावाल्याने बासरी वाजवून दाखवा म्हटलं होतं. मेट्रोच्या दारात तर केस उघडल्याशिवाय आत सोडतच नाहीत. आणि 'मी पूल खेळतो' हे वाक्य पुण्यात बोलून बघा. बायकोच्या आजीने शांतपणे विचारलं होतं, "कुठल्या पुलावर?"

आता तुमचा दुसरा प्रश्न, पूलची की स्नूकरची. (दोन्ही काठीने बॉल पॉकेटात घालायचे खेळ; बॉल आणि टेबल वेगळे.) या 'की'वर आमच्या घरात दर भाऊबीजेला भांडण होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरच्यांनी बजावलं होतं, "आवड विचारली तर बिलियर्ड्स म्हण. पूल म्हणू नकोस." बिलियर्ड्स म्हणजे जिमखाना, कॉलरचा शर्ट, निवृत्त कर्नल. पूल म्हणजे तळघर, सिगारेट, कॉलेज बुडवणारी पोरं. मी गुमान 'बिलियर्ड्स' म्हटलं. पोह्यांची बशी तशीच हातात धरून बायकोचा मोठा भाऊ पुढे सरकला. "अरे वा, कुठल्या क्लबला?" तो स्वतः एका क्लबचा मेंबर, आठवड्यातून तीनदा स्नूकर. मी थाप मारली की मित्राच्या ओळखीने जातो, कधी इथे, कधी तिथे. लग्न झालं. थाप सहा महिने टिकली.

२०१४ साली एका रविवारी दादांनी मला त्यांच्या क्लबात नेलं. (बायको दादा म्हणते म्हणून मीही दादा म्हणतो.) मी सँडल घालून गेलो होतो. सँडलवर बिलियर्ड्स रूममध्ये सोडत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दादांच्या लॉकरमधले जुने कॅनव्हासचे बूट घातले, एक नंबर मोठे. चालताना फटक फटक वाजत होते आणि त्या खोलीत तर लोक खोकतातही तोंडावर हात ठेवून.

तिथला मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारा आणि पॉइंट मोजणारा माणूस, साठीचा असेल. हिरव्या कापडावर एकाच दिशेने ब्रश फिरवत होता, बॉक कुशनकडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, काळा बॉल ठेवतात त्या टोकाकडे. स्नूकरच्या कापडाला लव असते, उलटं घासलं की मखमल चोळल्यासारखी उभी राहते आणि हळू मारलेला बॉल वाट सोडतो. आमच्या पार्लरमध्ये ब्रश मी एकदाच पाहिला होता, तोही चहा सांडल्यावर. माझी क्यू त्याने हातात घेतली, टिपेवरून अंगठा फिरवला आणि अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, चांगली आहे. पण ही पूलची."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. थाप तिथे संपली.

मार्करचं म्हणणं बरोबर होतं. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न. पूलच्या क्यूची टिप साधारण १३ मिलिमीटर, स्नूकरची साडेनऊ-दहा. जाड टिपेने छोट्या बॉलवर नेमकी साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लावायला जाल तर कुठे लागलं ते तुम्हालाच कळत नाही. त्यात टेबल बारा फुटी, आणि पॉकेटचे जबडे आत गोल वळलेले. पूलच्या कोपऱ्यात दोन बॉल जवळजवळ खेटून मावतात, तिथे जबड्याला घासूनही बॉल आत जातो. इथे घासला की खडखडून बाहेर. मी क्लबची क्यू घेऊन खेळलो आणि साठेक पॉइंटनी हरलो. स्नूकरमध्ये रेड आत गेला की पुढचा रंगीत बॉल मारायचा असतो; पहिला रेड पॉट झाला तेव्हा तर मी पुढचाही रेडच मारायला वाकलो होतो.

हरण्याचं मला काही वाटलं नाही. परत येताना गाडीत दादा म्हणाले, "जावईबापू, पूल म्हणजे गोट्या हो. खेळ हा."

'खेळ हा' म्हणताना त्यांनी स्टीअरिंगवर टिचकी मारली होती. ती अजून आठवते.

महिनाभराने मी त्यांना आमच्या पार्लरमध्ये बोलावलं. तळघर, भिंतीवर 'कापड फाटल्यास दंड' आणि 'जंप शॉट मारू नये' अशा पाट्या, हरणाऱ्याने टेबलचे पैसे द्यायचे ही पद्धत. दादा खिशाला रुमाल लावून आले होते. नाइन-बॉल हा पूलचा प्रकार लावला, आधी पाच रॅक, म्हणजे डाव, जिंकेल तो जिंकला. नियम त्यांना नीट समजावले: टेबलवरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला व्हाइट, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल, आधी लागला पाहिजे, त्यानंतर कुठलाही बॉल आत गेला तरी चालतो, आणि ९ नंबर आत गेला की रॅक संपला, मग तो कधीही जावो. 'समजलं' म्हणाले.

आणि माणूस खेळला हो. बारा फुटांवर हात बसलेल्याला पूलचं टेबल म्हणजे आंगणच. ब्रेक, म्हणजे गठ्ठा फोडणारा पहिला शॉट, त्यांना जमत नव्हता, तेवढंच माझं भांडवल. चार-चार झालं. शेवटच्या रॅकला मी ३ नंबर कोपऱ्यात मारला. तो जबड्यात अडखळला, कुशनवरून तिरका परत आला, ९ ला हलकेच खांदा लावला आणि ९ नंबर मधल्या पॉकेटात. जिंकलो. मी ओरडलो. बाजूच्या टेबलावरची पोरंही ओरडली.

दादांनी क्यू भिंतीला टेकवली, टेबलचे पैसे दिले आणि म्हणाले, "निदान हात तरी वर करायचा."

स्नूकरमध्ये अशी रीत आहे की फ्लूक झाला, म्हणजे निव्वळ नशिबाने बॉल आत गेला, की हात किंचित वर करायचा, 'माफ करा, नशीब' एवढ्या अर्थाने. मला ती रीत माहीत नव्हती. आणि माहीत असती तरी त्या क्षणी हात वर नसता गेला, हेही खरं. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं, ताटात पाकीट पडलं की फराळ करताना हा विषय निघतोच. बायको आता फक्त चकली पुढे करते.

त्यांचं म्हणणं: ज्या खेळात फ्लूकने मॅच जिंकता येते तो खेळ नव्हे. माझं म्हणणं, जे त्यांना तोंडावर कधी धड सांगता आलेलं नाही, ते इथे लिहितो.

एक तर फ्लूक स्नूकरमध्येही मोजतात. न ठरवलेल्या पॉकेटात रेड गेला तरी पॉइंट मिळतो; हात वर केल्याने तो परत जात नाही. उलट एट-बॉल या पूलच्याच प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय नियमात कुठला बॉल कुठल्या पॉकेटात हे आधी ठरलेलं लागतं, टेन-बॉलमध्येही. फ्लूकने काही गेलं की पाळी संपली. म्हणजे या बाबतीत एट-बॉल स्नूकरपेक्षा कडक. (पार्लरमध्ये हे कोणी पाळत नाही. तिथे फाउलला दोन शॉट देतात, ते या आंतरराष्ट्रीय नियमात नाही. व्हाइट हातात घेऊन हवा तिथे ठेवायचा, हा नियम आहे. तुम्ही नवे आहात तर पहिल्या दिवसापासून हाच धरा, भांडण झालं तरी.)

दुसरं, ज्या स्नूकरचा एवढा रुबाब, तो जन्मला कुठे? १८७५ साली जबलपूरला, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, पावसाळ्यात हाताला काम नाही म्हणून. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने 'ब्लॅक पूल' या पैसे लावून खेळायच्या खेळात आणखी रंगीत बॉल घातले. नावातच पूल आहे, बघा! आणि 'स्नूकर' हा शब्द इंग्लंडच्या वूलिच लष्करी अकादमीतल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना हिणवायचा. सोपा पॉट हुकवणाऱ्या सोबत्याला चेंबरलेन तो बोलला आणि खेळाला चिकटला. उटीच्या क्लबात नियम भिंतीवर लागले ते नंतर. म्हणजे रिकामटेकड्यांचा, पैजेचा, नवख्याला नाव ठेवणारा खेळ. आमच्या तळघरात आणखी वेगळं काय चालतं?

तिसरं, तीन बॉलच्या बिलियर्ड्सवाल्यांनी एकेकाळी स्नूकरलाही अशीच नाकं मुरडली होती. विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकला, कुठल्याही खेळातला भारताचा पहिला वैयक्तिक विश्वविजेता. त्याचं नाव पुण्यात दहा जणांना विचारा. दादांना विचारलं तर त्यांनाही तो पुण्याचा हे माहीत नव्हतं! हे मी एका भाऊबीजेला काढलं आणि त्या वर्षी भांडण मी जिंकलो. आणि २००६ च्या दोहा एशियाडमध्ये बिलियर्ड्स, स्नूकर, एट-बॉल, नाइन-बॉल सगळं एकाच छपराखाली झालं. पंकज अडवाणीला बिलियर्ड्सचं सुवर्ण मिळालं, नाइन-बॉल जिंकणाऱ्यालाही सुवर्णच दिलं, गोट्या नाही दिल्या.

बरं, प्रामाणिकपणे सांगायचं तर तो जुना ब्लॅक पूल आणि आजचा आपला पूल एक नव्हेत. आपला अमेरिकेतून आला, नावाचं मूळ तेवढं सामायिक, पैजेच्या गंगाजळीचं. हे दादांना सांगू नका. आणि बारा फुटी टेबलवर खेळलेला माणूस पूलला लवकर रुळतो, उलटं होत नाही, हेही मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून क्यूबद्दल. तुमच्या पार्लरमध्ये कुठली टेबलं आहेत तेच तुम्ही लिहिलं नाहीत. फक्त पूल असेल तर पूलची घ्या. दोन्ही असतील आणि स्नूकरला कधीतरी हात लावायचा असेल तर बारीक टिपेची स्नूकरची घ्या, तिने पूल चालून जातो. मात्र तिने ब्रेक मारू नका. ५७ मिलिमीटरच्या पंधरा बॉलच्या गठ्ठ्यावर ती आदळत राहिलात तर टिप आणि तिच्याखालची रिंग दोन्ही लवकर जातील. ब्रेकला पार्लरचीच काठी बरी. विकत घेताना दुकानदार टेबलवर लोळवून दाखवेल, त्याकडे दुर्लक्ष करा. जोडून बंदुकीसारखी डोळ्याला लावा आणि हळूहळू फिरवा, वाकलेली असेल तर दिसते. मी पहिली साडेतीन हजारांना घेतली होती आणि एप्रिलमध्ये दुपारभर गाडीच्या डिकीत विसरलो. केळ्यासारखी झाली.

हो, आणि फ्लूक झाला तर हात वर करा. मी करतो आता. समोर दादा असले तर नाही करत.

खडू ठेवायचा तो चुंबकाचा होल्डर मात्र पट्ट्याला लटकवून जाऊ नका. ते शायनिंगच आहे.