यादी कोण लिहितंय, ते आधी बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ठाण्याजवळच्या दिवा गावात खाडीकडच्या चाळींत पाणी शिरलंय, तुमच्या गटाकडे शिध्याची किटं बांधून तयार आहेत, आणि तिथलं एक बडं प्रस्थ टेम्पो, गोदाम, वाटपाला पोरं असं सगळं फुकट द्यायला तयार आहे. बदल्यात दोन गोष्टी: किटावर त्यांचा फोटो आणि वाटप त्यांच्या यादीप्रमाणे. गटातले निम्मे म्हणतात घ्या, लोक उपाशी आहेत. निम्मे म्हणतात, राजकारण नको. तुला दोघांचंही पटतंय.

मला विचारशील तर टेम्पो घे, पण भाडं देऊन घे. फोटोला नाही म्हण. गोदाम नको, कारण किल्ली त्यांच्याकडे राहील आणि माल कधी बाहेर काढायचा ते मग तुमच्या हातात उरणार नाही. पण या सगळ्यापेक्षा मला काळजी वाटते ती यादीची. फोटो चारचौघांना दिसतो, त्यावरून वाद होतात. यादी कोणी उघडून बघत नाही, आणि कोणाची चूल पेटणार ते तिथेच ठरून गेलेलं असतं.

प्रशिक्षणात तुम्हाला मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही चार तत्त्वं शिकवली असतील. रेडक्रॉसने १९६५ साली व्हिएन्नात सात तत्त्वं मंजूर केली, त्यातली ही पहिली चार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१च्या ठरावात त्यातली तीन घेतली, स्वातंत्र्य पुढे जोडलं. मी ही चारही एका रांगेत धरत नाही. माणसाचे हाल कमी करायचे आणि ज्याची नड जास्त त्याच्याकडे आधी जायचं, हे आपलं काम. तटस्थ राहायचं आणि कोणाच्या ताटाखालचं मांजर व्हायचं नाही, ते हे काम करता यावं म्हणून. त्यामुळे कोणी काही देऊ केलं की मी एवढंच तपासतो: हे घेतल्यावर आधी कोणाकडे जायचं ते नडीवरून ठरेल, की देणाऱ्याच्या मर्जीवरून?

आता यादीचं सांगतो. आपल्याकडे पूर आला की यादी बहुतेक वेळा चाळमालक देतो, नाहीतर मतदारयादी समोर ठेवून बनते. मालकाच्या यादीत खोल्या असतात, माणसं नसतात. एकाच आडनावाखाली चार खोल्या आणि त्या चारही भाड्याने दिलेल्या. आत राहणारा बीडचा नाहीतर जौनपूरचा, रेशनकार्ड गावाला, इथे मतदार म्हणून नाव नाही, भाडेकराराचा कागदही नाही. पाणी त्याच्याच खोलीत शिरलेलं असतं, कारण स्वस्त खोली नाल्याला लागून असते. किट मात्र मालकाच्या नावावर निघतं.

अशाच एका गल्लीत यादी घेऊन फिरताना शेवटच्या खोलीशी मी थांबलो होतो. यादीत खोली ‘बंद’ होती. दाराला बाहेरून कडीही होती. आत माळ्यावर एक बाई पंधरवड्याचं मूल घेऊन बसली होती. भिजलेली गादी दारात उभी करून ठेवलेली, स्टोव्हमध्ये पाणी गेलेलं. नवरा कामावर जाताना कडी घालून जायचा, वस्तीत नवीन होते म्हणून. यादी करणारा दारापर्यंत आला होता, त्याने हाक मारली नव्हती. त्या गल्लीत तिच्याइतकी गरज कोणालाच नव्हती.

म्हणून यादी तुम्हीच करा. दोघादोघांनी जा, त्यात एक बाई असू दे. सुरुवात गल्लीच्या तोंडाशी करू नका, पाणी सगळ्यात शेवटी जिथून ओसरतं त्या टोकापासून करा. घर कोणाचं आहे असं विचारू नका. विचारा, रात्री इथे कोण कोण झोपतं? या एका प्रश्नात भाडेकरू, पोटभाडेकरू, रात्रपाळीचे कामगार, आजारी सासू, सगळे बाहेर येतात. यादी झाली की नळावरच्या बायकांना विचारा, कोण राहिलं? आधारकार्डाची झेरॉक्स गोळा करू नका. पाच किलो तांदळासाठी तिची गरज नसते, आणि ते गठ्ठे नंतर कोणाच्या कपाटात जातात याचा पत्ता लागत नाही.

यादी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर काय होतं, त्याचं फार मोठं आणि भयंकर उदाहरण सांगतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या रवांडात हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सी जमातीचा वंशसंहार केला. त्यानंतर जुलैमध्ये लाखो हुतू लोक सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमा शहराकडे आले. कॉलरा पसरला, जगभरातून मदत आली. पण छावण्यांवर ताबा होता तो संहार घडवणाऱ्या सैनिकांचा आणि पुढाऱ्यांचा. वाटप त्यांच्यामार्फत चाले, ते माणसांचे आकडे फुगवून सांगत आणि जास्तीचं धान्य स्वतःच्या ताकदीसाठी वापरत. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेच्या फ्रेंच शाखेने त्या नोव्हेंबरात तिथलं काम थांबवलं. इतर अनेक संस्था तिथेच राहिल्या, कारण छावणीत निरपराध बायकापोरंही होती. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती. मला स्वतःला निघून जाणाऱ्यांचं जास्त पटतं, पण तिथे राहणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. दिवा म्हणजे गोमा नव्हे. तरी ‘कोणाला मिळेल ते मी सांगतो’ असं म्हणणारा माणूस दोन्हीकडे असतो, आणि आपल्या मालामुळे त्याचं वजन वाढतं, हे डोळ्यांआड करू नकोस.

तुमच्यात आणखी एक वाद होणार, त्याची तयारी ठेव. सगळ्यांना सारखं द्या, म्हणजे भांडण नको, असं कोणीतरी म्हणेलच. भांडण टळेल, पण तो निःपक्षपात नव्हे. वरच्या मजल्यावरच्या एकट्या माणसाचा रोज बुडालाय, धान्य शाबूत आहे. खाली सात माणसांचं पिठापासून रॉकेलपर्यंत सगळं गेलंय. दोघांना एकच किट देणं सातजणांवर अन्याय आहे. फक्त नियम आदल्या दिवशी ठरवा आणि गल्लीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लावा: कोणाला, किती, का. किटात काय काय आहे तेही लिहा. लोक कमी मिळाल्याचं समजून घेतात, लपवाछपवी त्यांना सहन होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

शेजारच्या दोन वस्त्यांचं आपसात पटत नसेल, तर दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी सुरुवात करा, आणि दोन्ही टीम मिश्र असू द्या. एकीकडे सकाळी आणि दुसरीकडे संध्याकाळी गेलात, तर मधल्या वेळेत तुमच्याबद्दल काय बोललं जाईल ते तुम्हाला पुसता येणार नाही. वेळ ठरवताना भरतीचं वेळापत्रक बघ. पाऊस थांबला तरी भरतीला खाडीचं पाणी नाल्यातून उलटं येतं, आणि डोक्यावर पोतं घेऊन गुडघाभर पाण्यात चालायची पाळी म्हाताऱ्यांवर येते.

दुकानं उघडी असतील तर किटांपेक्षा किराणा दुकानाची कुपनं बरी. जुने कपडे घेऊ नका.

तटस्थता म्हणजे गप्प बसणं, असं तुझ्या पत्रात कुठेतरी डोकावतंय, ते मला खटकलं. आपण पक्ष घ्यायचा नाही, पण चाळीतले संडास तुंबलेत आणि बायका अंधार पडेपर्यंत कळ काढताहेत, हे सांगायचंच. प्रभाग समितीत जाताना आकडा घेऊन जा. ‘स्फिअर’ म्हणजे मदतसंस्थांनी मिळून ठरवलेली किमान मानकं, त्यांत माणशी दिवसाला १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक शौचकूप धरलं आहे. चाळीत प्रत्यक्ष किती आहे ते मोजून शेजारी लिही. त्या कागदावर कोणाचा झेंडा नसतो, त्यामुळे तो नाकारणं अधिकाऱ्यालाही अवघड जातं. मात्र सोबत त्या बायकांचे फोटो लावू नकोस. आपत्तीत सापडलेल्या माणसाकडे माणूस म्हणून बघा, असहाय वस्तू म्हणून नको, असं १९९४च्या आचारसंहितेत लिहिलंय. रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून ती केली, तुमच्या गटाने एकदा एकत्र बसून वाचा.

राहिले ते गृहस्थ. त्यांना तोडू नकोस. पुढच्या पावसातही ते तिथेच असतील, आणि त्यांच्या पोरांना गल्लीबोळ तुमच्यापेक्षा चांगले माहीत आहेत. त्यांना भेटायला एकट्याने जाऊ नकोस. त्यांची यादीही घे, नाकारू नकोस, पण सांग की आम्ही दारोदार फिरून ती पडताळणार आणि त्यात नसलेली नावं घालणार. पोरं येऊ देत, कोणत्याही पक्षाचा टीशर्ट न घालता. हे त्यांना चाललं तर उत्तम. नाही चाललं, तर किटं तुम्ही डोक्यावरून न्या, पाच दिवस जास्त लागले तरी चालेल, फक्त नाल्याकडच्या खोल्या पहिल्या दिवशी करा. आणि भेट झाली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते चार ओळींत त्यांना लिहून पाठव, एक प्रत गटातल्या सगळ्यांना.

तुझा,
काका