सुकताना तडकणारी भांडी

प्रश्न : सातवीच्या मुलांकडून शाडूच्या वाट्या आणि वळ्यांची (मातीच्या दोरीसारख्या वळ्या एकावर एक रचून केलेली) भांडी करून घेतली. दोन दिवसांत काठांना चिरा गेल्या, काही वळ्या सुट्या झाल्या. उरलेली कुंभाराकडे भाजून मिळतील का? – कलाशिक्षिका, सातारा

उत्तर : शाडू भट्टीत नको, तो मूर्तीपुरता ठीक. भाजायचं असेल तर कुंभाराकडूनच मळलेली माती आणा आणि 10 किलोत 1 किलो बारीक चाळलेला विटेचा चुरा मिसळा. त्याने माती कमी आक्रसते. एका मुलाला 300 ग्रॅम, म्हणजे मोसंब्याएवढा गोळा पुरतो.

वाटी करताना मुलं आधी काठच चिमटतात आणि दर मिनिटाला बोटं पाण्यात बुडवतात. चिरांचं मूळ तिथेच आहे. पातळ काठ आधी सुकून आक्रसतो, जाड तळ ओलाच राहतो, मग काठ फाटतो. अंगठा रोवून तळ 1 सेंमी जाडीचा राहिला की थांबायचं आणि खालून वर चिमटत यायचं. भिंत सगळीकडे 6 ते 8 मिमी. ओल्या बोटाने चीर पुसली तर ती फक्त झाकली जाते. दोन्ही बाजूंनी दाबून मिटवा.

वळ्या करंगळीएवढ्या जाड हव्यात. नुसत्या एकावर एक ठेवल्या तर सुटणारच. दोन्ही पृष्ठभाग जुन्या टूथब्रशने खरवडा, त्याच मातीची दह्यासारखी रबडी लावा आणि आतून अंगठ्याने वरची वळी खालचीवर ओढून घ्या. बाहेरून वळ्या दिसल्या तरी चालतं, उलट छान दिसतात. चार वळ्यांनंतर थोडं थांबा, नाहीतर भांडं बसतं.

सुकवताना खाली वर्तमानपत्र, वर सैल प्लास्टिक. पंख्याखाली अजिबात नको. दोन दिवसांनी काठ टणक झाला की भांडं पालथं घाला, मग आठवडाभर सावलीत. पावसाळ्यात दुप्पट वेळ धरा. गालाला लावून गार लागलं तर आत ओल आहे. भट्टीत भांडं फुटतं ते बहुधा या ओलीच्या वाफेने. दोष मात्र हवेच्या बुडबुड्याला दिला जातो.

तडकलेली शाडूची भांडी फेकू नका. पूर्ण वाळू द्या, मगच बादलीत बुडवा. अर्धवट ओली माती लवकर विरघळत नाही. हा शाडू कुंभाराच्या मातीत मिसळू नका.