मुंगी, इलॅस्टिक आणि ४६०० कोटी प्रकाशवर्षं

प्रश्न: विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं सांगतात आणि दिसणारं विश्व मात्र चहूबाजूंनी ४६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत आहे म्हणतात. प्रकाशापेक्षा जोरात काही जात नाही ना, मग हिशोब बसतो कसा? आणि सगळंच पसरतंय तर माझी फूटपट्टीपण पसरत असेल, मग पसरतंय हे कळणार कसं?
— एक वाचक, सातारा

उत्तर: हिशोब बरोबर आहे हो, फक्त तुम्ही रस्ता जागच्या जागी धरलात. चड्डीचं इलॅस्टिक घ्या, एक टोक तुमच्या हातात, दुसऱ्या टोकावरून मुंगी तुमच्याकडे निघालीये आणि ती चालत असताना कुणीतरी ते ताणतंय. मुंगी आपल्याच चालीने चालते पण पुढचा रस्ता वाढतो आणि मागे टाकलेलापण वाढतो, त्यामुळे ती पोचेपर्यंत निघालेली जागा कुठल्या कुठे गेलेली असते.

आपल्याला दिसणारा सगळ्यात जुना प्रकाश अशीच मुंगी आहे. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केला तो हाच, त्यांच्या रेडिओ अँटेनात तो खरखर म्हणून आला होता आणि ती काही केल्या जाईना म्हणून बिचाऱ्यांनी आतली कबुतरांची शीटसुद्धा साफ करून पाहिली होती! विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना तो निघाला आणि तेव्हा ती जागा इथून फक्त सव्वाचार कोटी प्रकाशवर्षं लांब होती. एवढ्याशा अंतराला १३८० कोटी वर्षं लागली, कारण मधली जागा तेव्हापासून जवळजवळ ११०० पट ताणली गेलीये, आणि म्हणूनच तो निघाला ती जागा आज ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर जाऊन पोचलीये. गंमत म्हणजे सुरुवातीला तो आपल्याकडे धावत असूनही आपल्यापासून लांबच जात होता. यात प्रकाशाला कुणी ओव्हरटेक केलेलं नाही, वेगाचा नियम जागेतून धावणाऱ्यांना आहे, जागेच्या ताणाला नाही.

फूटपट्टीचं म्हणाल तर ती पसरत नाही. तिचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि प्रसरण तिला लागू पडलं असतं तरी मीटरभर पट्टी वर्षाला एका अणूएवढीही वाढली नसती. सूर्यमालेला, आख्ख्या आकाशगंगेलापण गुरुत्वाकर्षणाने बांधून ठेवलंय. पसरतात ती दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वसाहतींच्या, समूहांमधली अंतरं. शेजारची देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, ती तर लांब जायचं सोडून सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्याकडेच येतीये.