1959 च्या मॉरिस मायनरची मूळ किल्ली हरवली आहे. तशीच अस्सल किल्ली पुन्हा मिळेल का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, वडिलांच्या 1959 सालच्या मॉरिस मायनर 1000 या ब्रिटिश मोटारीची एकुलती एक किल्ली घर बदलताना हरवली, आणि किल्लीवाल्याने जुने कुलूप काढून बाजारातला नवा इग्निशन स्विच बसवण्याचा सल्ला दिला आहे. किल्ली मिळेल, आणि बहुधा आपल्याला वाटते त्याहून कमी खटपटीत मिळेल; मात्र ते जुने कुलूप कृपा करून काढून टाकू नका. नेमकी कोणती किल्ली हवी याची नोंद त्या कुलपावरच केलेली असते, त्यामुळे ते भंगारात गेले तर शोध घ्यायला काही आधारच उरणार नाही.

त्या काळच्या ब्रिटिश मोटारींच्या किल्ल्या ठरावीक मालिकांमध्ये बनत असत. बर्मिंगहॅमची विल्मॉट ब्रीडन आणि कुलपांचे गाव म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या विलेनहॉलमधील जोसाया पार्क्स, म्हणजे 'युनियन' या छापाची कुलपे बनवणारी कंपनी, ही त्या धंद्यातली मोठी नावे होती. आपल्या गाडीच्या पिढीत सर्रास आढळणारी मालिका 'एफएस' ही असून तिचे क्रमांक 876 पासून 955 पर्यंत जातात. म्हणजे मॉरिस, ऑस्टिन, एमजी, ट्रायम्फ अशा असंख्य गाड्या मिळून जेमतेम 80 प्रकारच्या किल्ल्यांवर चालत होत्या. आजच्या हिशेबाने ही सुरक्षितता फारच तोकडी आहे, पण किल्ली हरवलेल्या माणसाच्या दृष्टीने ती मोठी सोय आहे, कारण क्रमांक कळला की त्या क्रमांकाची किल्ली इंग्लंडमधल्या जुन्या सुट्या भागांच्या विक्रेत्यांकडून सरळ मागवता येते. त्यासाठी गाडी किंवा कुलूप कोठेही पाठवावे लागत नाही.

म्हणून आधी किल्लीऐवजी क्रमांक शोधावा. इग्निशनच्या कुलपाच्या दर्शनी भागावर, किल्लीच्या खाचेलगत, अगदी बारीक अक्षरांत तो ठोकलेला असतो. साठ-पासष्ट वर्षांची धूळ, पॉलिशचा थर आणि झिजलेला मुलामा यांमुळे तो सहसा दिसत नाही आणि पुष्कळ मालकांना तो तेथे आहे हेच ठाऊक नसते. जुन्या मऊ दातघासणीला किंचित रॉकेल लावून तो भाग हलक्या हाताने पुसावा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश चुकूनही वापरू नये, कारण उथळ ठोकलेले अंक त्याने कायमचे पुसले जातात. मग खोलीत अंधार करून टॉर्च समोरून न धरता अगदी कडेने, कुलपाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरावी. अंकांच्या खाचांत सावली पडते आणि समोरच्या उजेडात न दिसणारा '9' किंवा '3' स्पष्ट वाचता येतो. त्याच वेळी मोबाइलने छायाचित्र काढून ते मोठे करून पाहावे. ते छायाचित्र कोठेही जाहीरपणे टाकू नये, कारण आपल्याला ज्या सहजतेने किल्ली मिळते त्याच सहजतेने ती कोणालाही मिळू शकते.

इग्निशनवरचा क्रमांक अगदीच गेला असेल तर दाराचे कुलूप पाहावे. बहुतेक वेळा एकच किल्ली दोन्हीकडे चालत असे, अर्थात मधल्या काळात एखादे कुलूप बदलले गेले नसेल तर. इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात कारखान्याच्या उत्पादन-नोंदी जपलेल्या आहेत आणि चॅसिस क्रमांकावरून त्यांचे प्रमाणपत्र मिळते. त्यातल्या काही नोंदींत किल्लीचा क्रमांकही सापडतो, पण केवळ त्या आशेने प्रमाणपत्र मागवावे असे मी सुचवणार नाही. ते गाडीच्या इतिहासासाठी मागवावे.

क्रमांक कोठेच मिळाला नाही तरी मार्ग बंद होत नाही, आणि येथे आपल्याकडच्या जुन्या, हाताने काम करणाऱ्या किल्लीवाल्याची खरी किंमत कळते. योग्य आकाराची कोरी किल्ली दिव्यावर धरून तिच्यावर काजळी चढवायची, ती कुलपात घालून दोन्ही बाजूंना अगदी हलका ताण द्यायचा आणि बाहेर काढून पाहायची. आतल्या पितळी पट्ट्या जेथे अडतात तेथे काजळीवर बारीक खुणा उमटतात. तेवढीच जागा कानशीने केसभर घासून पुन्हा तेच करायचे. हे काम वेळखाऊ आहे, पण जाणकार हातांनी केले तर कुलपाला ओरखडाही पडत नाही. अट एवढीच की कोरी किल्ली त्याच मालिकेची, त्याच खाचांची हवी. पत्र्याच्या पेटीतली 'साधारण बसणारी' दुसरी किल्ली घासून घातली, तर ती आज फिरेल आणि काही महिन्यांत आतल्या पट्ट्या वाकवून ठेवील. ड्रिल यंत्र घेऊन येणाऱ्याला मात्र गाडीजवळ फिरकू देऊ नये.

आता 'अस्सल' कशाला म्हणावे, याविषयी. विक्रेते एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकतात. पहिली म्हणजे त्या काळीच बनलेली, क्रमांक ठोकलेली, पण कधीच न वापरली गेलेली किल्ली, हीच सर्वोत्तम. दुसरी म्हणजे जुन्या कोऱ्या किल्लीवर आज क्रमांकानुसार खाचा पाडलेली. तिसरी म्हणजे संपूर्ण नवी नक्कल. चालण्यात तिन्हींत फारसा फरक नसतो, पण तिसरीला पहिलीची किंमत देऊ नये. डोक्यावरची अक्षरे नीट पाहावीत: जुन्या किल्लीवर ती ठाशीव आणि एकसारखी असतात, तर नकलेवर कडा बोथट दिसतात किंवा अक्षरे कोरून काढल्यासारखी वाटतात. जुन्या किल्लीच्या कडांवर मुलामा झिजून खालचे पितळ पिवळसर डोकावत असेल तर तो दोष समजू नये. फक्त वापरून खाचा गोलसर झालेली किल्ली घेऊ नये आणि तशा किल्लीवरून दुसरी काढूनही घेऊ नये, कारण मूळ किल्लीची सगळी झीज नव्या किल्लीत उतरते. खाचा नेहमी क्रमांकावरून, कारखान्याने ठरवलेल्या खोलीच्याच पाडून घ्याव्यात.

आपण पुण्यात असाल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात एक चक्कर अवश्य मारावी. मुंबईकरांसाठी चोरबाजार आहेच. मालिकाच 80 किल्ल्यांची असल्यामुळे सुट्या किल्ल्यांच्या ढिगात आपला क्रमांक निघणे ही अगदीच अशक्य कोटीतली गोष्ट नाही, आणि ब्रिटिश अमलातल्या व त्यानंतरच्या काळातल्या गाड्यांचे अवशेष या बाजारांत अजूनही येतात. तरीही त्यावर विसंबून राहू नये. क्रमांक हाती असताना टपालाने किल्ली मागवणेच शहाणपणाचे आहे. मागवताना दोन मागवाव्यात.

कुलपावरचा क्रमांक वेगळ्याच धाटणीचा निघाला, किंवा कुलूप नंतरच्या काळातले देशी बनावटीचे असल्याचे लक्षात आले, तर मात्र मूळ किल्ली शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा त्या काळचे, किल्लीसह विकले जाणारे एफएस मालिकेचे कुलूप घेऊन बसवावे. गाडीचे रूपही राखले जाते आणि हरवलेली किल्ली कोणाच्या हाती पडली असेल ही चिंताही मिटते.

किल्ली आल्यावर लगेच इग्निशनमध्ये घालून जोराने फिरवू नये. आपल्या गाडीच्या विद्युत यंत्रणेत कोणी बदल केला नसेल, तर तिच्या बॅटरीची धन बाजू चॅसिसला जोडलेली आहे. ती जोडणी आधी सोडावी. कुलपात तेल घालण्याचा मोह टाळावा, कारण तेलात धूळ साचून पट्ट्या चिकटतात. पेन्सिलीच्या शिशाची वस्त्रगाळ पूड किल्लीला चोळून ती अनेकदा आत-बाहेर करावी आणि पट्ट्या मोकळ्या झाल्यावरच हलकेच फिरवून पाहावी. 1959 च्या मॉडेलमध्ये स्टार्टर वेगळी मूठ ओढून लावायचा असल्यामुळे किल्लीला फक्त इग्निशन चालू करायचे असते, तिच्यावर फारसा जोर यावा लागत नाही. जोर लावावा लागत असेल तर क्रमांक वाचण्यात एखादा अंक चुकला आहे असे समजून टॉर्च घेऊन पुन्हा कुलपाकडे जावे; 3 आणि 8 यांची गल्लत सर्वांत जास्त होते.