सीडी४ ५२० वरून ४३० वर आली, तर एआरटी लागू पडत नाही असे समजावे का?

तीन वर्षे नियमित एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, घेणाऱ्या आपल्या भावाची सीडी४ संख्या (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो, त्या रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या) सहा महिन्यांत ५२० वरून ४३० वर आली, म्हणून गोळ्या निकामी झाल्या का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत हीच तपासणी करत आलो आहे आणि एवढ्या एका आकड्यावरून तसा निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरोगी प्रौढ माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात, पण ही संख्या स्थिर नसते. त्याच माणसाचे रक्त सकाळी घेतले तर ती कमी आणि संध्याकाळी घेतले तर जास्त भरते. नुकताच ताप येऊन गेला असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तरी ती उतरते. शिवाय काही यंत्रांवर हा आकडा थेट मोजला जात नाही, तर एकूण लिम्फोसाइटच्या (सीडी४ ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींच्या) संख्येवरून काढला जातो, त्यामुळे त्या मोजणीतील चूकही त्यात उतरते. म्हणून रिपोर्टवर सीडी४ची टक्केवारी, म्हणजे एकूण लिम्फोसाइटमधील त्यांचा वाटा, दिलेली असल्यास ती आधी पाहावी. संख्या घटूनही टक्केवारी पूर्वीइतकीच असेल, तर काळजीचे कारण बरेच कमी होते. पुढच्या वेळी रक्त शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच सुमारास द्यावे. त्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते.

औषध काम करते की नाही, हे खरे तर व्हायरल लोड सांगतो, कारण त्या तपासणीत एक मिलिलिटर प्लाझ्मात विषाणूच्या किती प्रती आहेत हेच मोजले जाते. एआरटी केंद्रात ती उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व त्यानंतर वर्षातून एकदा होते. प्रतींची संख्या १००० च्या वर गेली, तर आधी गोळ्या चुकतात का याची समुपदेशक बारकाईने विचारपूस करतात, काही महिन्यांनी तपासणी पुन्हा होते आणि मगच औषध बदलण्याचा विचार होतो.

सीडी४च्या आकड्याची एवढी धास्ती का वाटते, हे मी समजू शकतो. १ एप्रिल २००४ रोजी सरकारी मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा सीडी४ २०० च्या खाली गेल्याखेरीज बहुतेकांना औषध मिळत नसे, त्यामुळे घराघरांत लोक त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसत. ती मर्यादा हळूहळू वाढत गेली आणि २०१७ मध्ये अटच उठली. आता निदान झालेल्या प्रत्येकाला, सीडी४ कितीही असली तरी, उपचार मिळतात. तपासणीचे महत्त्व मात्र कमी झालेले नाही, कारण ३५० च्या खाली कोट्रायमोक्साझोल हे संसर्ग टाळणारे औषध सुरू करावे लागते आणि २०० च्या खाली न्यूमोनियासारख्या संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटल्याचा फायदा घेणाऱ्या) आजारांचा धोका फार वाढतो.

भावाला खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट यांपैकी काहीही असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात नेऊन क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. तसे काही नसेल, तर एआरटी केंद्राच्या हिरव्या पुस्तिकेत किंवा जुन्या कागदांत शेवटच्या व्हायरल लोडची तारीख पाहावी आणि वर्ष उलटून गेले असल्यास डॉक्टरांकडे त्याच तपासणीची मागणी करावी. तोवर गोळ्या एक दिवसही थांबवू नयेत.